दारची तुळस, परसातली भेंडी

माऊली, तुमच्या दारात तुळस आहे, हे मी न विचारताच धरून चालते. गळ्यात माळ आणि दारात वृंदावन यावाचून वारकऱ्याचे घर ओळखू यायचे कसे? पण त्या एका तुळशीमुळे आपण सगळेच थोडेथोडे माळी आहोत, हे कधी मनात आले आहे का? सकाळी तांब्याभर पाणी घालतो. मंजिऱ्या वाळल्या की खुडतो, कारण न खुडल्या तर झाड लवकर म्हातारे होते. वैशाखात कुंडी सावलीला सरकवतो. द्वादशीला तुळस तोडायची नाही म्हणून त्या दिवसाची पाने आधीच काढून ठेवतो. एवढे ज्याला जमते त्याला चार भेंड्या आणि एक दोडक्याचा वेल का जमू नये, एवढेच आज तुमच्याशी बोलायचे होते. लिहायला बसले तेव्हा मात्र माझ्या सासूबाई आठवल्या आणि विषय जरा लांबला. मराठवाड्याच्या रीतीने मी त्यांना आत्याबाई म्हणत असे, तेच इथेही म्हणते.

आमचे गाव परभणीहून गंगाखेडला जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूला आहे. शेगावची गजानन महाराजांची पालखी आषाढीसाठी परभणी, दैठणा करीत गंगाखेडला जाते ती याच वाटेने. घरामागे बारा हात लांब, आठ हात रुंद असे परस. जमीन काळी, कापसाची. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की त्यात खुरपे पडले तर सापडत नाही, आणि पावसाळ्यात पाऊल टाकले की चप्पल आतच राहते. अशा जमिनीत भाजीची मुळे कुजतात. म्हणून घर बांधताना उरलेली वाळू, शेणखत आणि पालापाचोळा घालून वीतभर उंच गादीवाफे केले. पाणी न्हाणीचे आणि भांडी विसळल्याचे. साबणाचे पाणी झाडांना सोसत नाही, म्हणून ते वेगळे काढायचे आणि अंगावरून ओघळलेले साधे पाणी वाफ्याकडे वळवायचे. हे वळवण्याचे काम रोजचे, आणि ते कोणी सांगितल्याशिवाय करत नाही, हे घरोघरच्या बायांना माहीत आहे.

आता आनंदाचे सांगते. लाल भोपळ्याचे फूल पहाटे उमलते. काकड्याच्या वेळी उठून परसात गेले की ती केशरी फुले ताटलीएवढी उघडलेली असतात, आणि ऊन चढले की मिटून जातात. दोडक्याचे फूल बरोबर त्याच्या उलट. ते दिवस कलताना, हरिपाठाच्या सुमाराला उमलते. दुधीचे पांढरे फूलही सांजचेच. असे एका बाजूला काकडा आणि दुसऱ्या बाजूला हरिपाठ असे वेल आमच्या एकाच मांडवावर चढलेले असतात. घड्याळ बंद पडले तरी नेम चुकायचा नाही!

या वेलांना नर फूल आणि मादी फूल वेगळे येते. मादी फुलाच्या मागे बोटाएवढे इवले फळ आधीपासूनच दिसते. नर फुलाच्या मागे नुसता देठ. भुंगे आणि मधमाश्या कमी असल्या की ते इवले फळ पिवळे पडून गळते, आणि बाया म्हणतात दृष्ट लागली. दृष्ट नाही लागत. पहाटे भोपळ्याचे एक नर फूल खुडून त्याचा पराग मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवायचा. आठवड्यात फळ धरल्याचे कळते. हे काम करताना हात कसा आपोआप हलका होतो, हे केल्यावरच समजेल.

फुलझाडांत मी फार हौस केलेली नाही. मोगरा, पांढरी तगर, जास्वंद, कुंपणावर गोकर्ण आणि वाफ्यांच्या कडेने झेंडू. झेंडूच्या मुळांमुळे जमिनीतल्या सूत्रकृमींना आळा बसतो, म्हणून त्याला भाजीच्या शेजारी जागा. दसरा-दिवाळीला तोरण होते, ते वर. सगळी फुले मात्र तोडायची नाहीत. माश्यांसाठी काही झाडावर राहू द्यायची. देवाला हार लहान झाला तर देव रागावत नाही. माशी उपाशी राहिली तर भोपळा धरत नाही.

भेंडीबद्दल थोडे सविस्तर सांगते, कारण ती आमच्या जिल्ह्याची आहे. भेंडीचा मोठा वैरी केवडा रोग. पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, मग अख्खे पान, आणि फळ पिवळट, राठ होते. नाव केवड्याचे असले तरी दिसायला फार केविलवाणे. पांढरी माशी हा रोग एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेते. पुसा सावनी नावाचे एक वाण पूर्वी त्याला दाद देत नसे, पण पुढे तेही बळी पडू लागले. तेव्हा परभणीच्या कृषी विद्यापीठात डॉ. जांभळे आणि डॉ. नेरकर यांनी पुसा सावनीचा एका रानटी भेंडीशी संकर केला. तिच्या अंगात या रोगाला तोंड देण्याची ताकद होती. मग पिढ्यामागून पिढ्या पुन्हा घरच्या भेंडीशी जुळवत, रानटीची ताकद ठेवून आणि राठपणा काढून, १९८०च्या दशकात ‘परभणी क्रांती’ हे वाण तयार झाले. ते पुढे देशभर गेले. हे विद्यापीठ १९७२ साली सुरू झाले, आता त्याला वसंतराव नाईकांचे नाव आहे. मी ही हकीगत आत्याबाईंना वाचून दाखवली तेव्हा त्या म्हणाल्या, “म्हंजी रानटी भेंडीनं घरच्या भेंडीला वाचिवलं म्हन की!” आणि दोन दिवस ज्याला त्याला हेच सांगत होत्या. हे संकरित बियाणे नव्हे, सुधारित वाण आहे. म्हणून त्याचे बी घरी धरता येते, दरवर्षी पाकीट आणावे लागत नाही. अलीकडे या वाणावरही आमच्याकडे कधीकधी केवडा दिसतो. तसे झाड दिसले की मी उपटून टाकते, त्यात दयामाया नाही.

आत्याबाई अठरा वर्षे पायी वारीला गेल्या. २०१२ साली गुडघ्यांनी साथ सोडली. त्या वर्षी पालखी रस्त्याने गेली तेव्हा त्या ओट्यावर बसल्या होत्या, आणि संध्याकाळी जेवल्या नाहीत. गावातली जाणती माणसे समजूत घालायला आली. सगळ्यांचे म्हणणे एकच: आत्याबाई, सावतोबा तरी कुठे पंढरीला गेले? त्यांनी मळ्यातच पांडुरंग पाहिला ना?

माऊली, हे वाक्य आपण सगळेच वापरतो. कुणाची वारी चुकली की सावता महाराजांचा दाखला पुढे करतो. आत्याबाईंनी ते ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “सावतोबाचं नाव घिऊन घरी बसू नगा रे. सावतोबा बसला नव्हता, राबत व्हता.”

मला हे तेव्हा नुसते फटकळ वाटले होते. नंतर पटत गेले. सावता महाराजांचे अरण गाव माढा तालुक्यात, पंढरपूरपासून काही फार लांब नाही. त्यांना जाणे अशक्य नव्हते. त्यांचे आयुष्य अवघे पंचेचाळीस वर्षांचे. १२९५ साली आषाढ वद्य चतुर्दशीला त्यांनी देह ठेवला. म्हणजे ऐन उमेदीची सगळी वर्षे मोट, पाट आणि खुरपे यांत गेली. कांदा, मुळा, मिरची, कोथिंबीर यांत त्यांना देव दिसला तो बांधावर बसून नव्हे. वाकून वाकून पाठीचा कणा दुखतो तेव्हा दिसला. देव त्यांच्याकडे लपायला आला आणि त्यांनी खुरप्याने छाती उघडून त्याला आत जागा दिली, ही कथा आपण कीर्तनात ऐकतो. त्या कथेतही हातात खुरपेच आहे. सगळ्या संतांच्या पालख्या पंढरीला जातात आणि पांडुरंगाची पालखी अरणला येते, हा मान न चालल्याबद्दल मिळालेला नाही, असे माझे मत आहे.

दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी परसातला कचरा काढायला घेतला. गुडघे वाकत नव्हते म्हणून लाकडी पाटावर बसून, पाट पुढे सरकवत. आमची परसबाग सुरू झाली ती अशी. त्यांनी मनाशी हिशेब मांडला होता. फाल्गुन-चैत्रात भेंडी पेरली तर दीड-पावणेदोन महिन्यांत फळ सुरू होते आणि पुढे दोन महिने तोडा चालतो. म्हणजे ज्येष्ठात पालखी येईल तेव्हा झाडे ऐन भरात. “म्या चालत न्हाई तर चालनाराच्या पोटात तरी जाईन,” असे म्हणायच्या.

तेव्हापासून दरवर्षी पालखीच्या दिवशी आमच्याकडे पंचवीस-तीस माळकऱ्यांची एक पंगत होऊ लागली. हजारोंच्या अन्नदानापुढे ती काहीच नाही. पण भाजी परसातली. भेंडी धुऊन, पुसून, पूर्ण कोरडी झाल्यावर चिरायची. ओली चिरली की तार सुटते. लोखंडी तव्यात कर्डईचे तेल, मोहरी, हिंग, हिरवी मिरची, मग भेंडी. झाकण ठेवायचे नाही. तार राहिलीच तर दोन आमसुले किंवा चमचाभर ताक. शेवटी दाण्याचे कूट. ज्वारीची भाकरी, भेंडी, दोडक्याच्या शिरांची चटणी आणि ताक, एवढाच बेत. दोडक्याच्या शिरा आपण सोलून टाकतो त्या टाकू नका. तेलावर खमंग परतून, तीळ, मिरची आणि कढीपत्ता घालून जाडसर वाटल्या की अशी चटणी होते की दोडक्याची भाजी मागे पडते. एका वर्षी शेगावकडच्या एका वृद्ध माळकऱ्याने तीनदा चटणी मागितली आणि चौथ्यांदा कृती विचारली. आत्याबाईंनी त्या दिवशी दोन भाकरी खाल्ल्या.

आता तुमच्यातले कोणी म्हणतील, बाई, परमार्थाच्या अंकात चवीचे एवढे कौतुक कशाला? जिव्हेला आवरा असे संत सांगतात. खरे आहे. पण विदुराघरच्या कण्या देवाने मिटक्या मारीत खाल्ल्या असे सांगताना आपले कीर्तनकारही मिटक्या मारतातच ना? द्रौपदीच्या थाळीला चिकटलेल्या भाजीच्या एका पानाने त्याची तृप्ती झाली. देवाला चव नको असती तर त्याने पान मागितले नसते. मला वाटते, आवरायची आहे ती हाव. चव बिचारी गरीब असते. परसातली अंबाडी खुडावी, उकडून तिचे आंबट पाणी थोडे काढून टाकावे, तुरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्या घालून शिजवावी, घोटावी, मधे खळगा करून त्यात फोडणीचे तेल ओतावे. हे पक्वान्न नाही. गरिबाघरचे जेवण आहे. ते जेवताना जो आनंद होतो तो लपवायचा कशाला? नैवेद्य दाखवताना त्याच आनंदाचे पान तुळशीच्या पानाबरोबर ताटात असते.

हाव कशी असते तेही परसबागच दाखवते. आषाढीपासून चातुर्मास लागतो. कांदेनवमीला कांदाभजी होऊन कांदा-लसूण बंद, आणि वांगेही बंद. पण झाडाला हे कोण सांगणार! आषाढात लावलेली वांगी दसऱ्याच्या सुमाराला काटेरी देठांची, जांभळी, चकचकीत लटकू लागतात. रोज पाणी घालायचे, रोज पाहायचे आणि खायचे नाही. चंपाषष्ठीला भरीत होईपर्यंत माझ्या वैराग्याची हीच परीक्षा. तोडली नाहीत तर फळ निबर होते आणि नवे धरत नाही, म्हणून तोडावी तर लागतातच. मग ज्यांच्याकडे पाळत नाहीत अशा दोन घरी ती जातात. आमच्या गल्लीत पलीकडच्या घरून चातुर्मासभर वांग्याच्या भाजीचा वास येतो, तो आमच्याच वांग्यांचा. मी काय सांगू!

२०१५च्या पावसाने मराठवाड्याकडे पाठ फिरवली. पुढच्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे तुम्हाला आठवत असेल. आमच्याकडे हापसा कोरडा पडला. टँकर आला की घागरी घेऊन पळायचे. न्हाणीतून ओघळायला पाणीच नव्हते, कारण आम्ही ओल्या फडक्याने अंग पुसत होतो. परसात तेव्हा तीस-बत्तीस भेंड्या वीतभर झाल्या होत्या. मोगऱ्याला कळ्या होत्या. भांडी विसळलेले तांब्या-दोन तांबे पाणी निघे, आणि गल्लीत माणसाला प्यायला पाणी नाही. मी म्हटले, पालखीची भाजी आहे, कसेही करून जगवू. आत्याबाई म्हणाल्या, “शेजारणीचं लेकरू तहानलेलं आसताना मी भेंडीला पानी घालू? ह्यो कोनता परमार्थ?” त्यांनी दोन झाडे निवडली. सगळ्यांत मोठी नव्हेत. सगळ्यांत निरोगी, पानावर पिवळा ठिपका नसलेली. त्या दोन झाडांना आणि तुळशीला ते विसळलेले पाणी. बाकीची वाळू दिली. मोगराही वाळू दिला, आणि तो मोगरा त्यांनी माहेराहून आणलेल्या फांदीचा होता.

परसाकडचे दार त्या उन्हाळ्यात आम्ही फारसे उघडत नसू. वाळलेली झाडे पाहवत नसत. पालखी आली तेव्हा भाजी नव्हती. पिठले-भाकरी केली, आणि पंगत दहा जणांचीच. त्या दोन झाडांची मात्र एकही भेंडी खाल्ली नाही. झाडावरच वाळू दिली, शेंगा तडकू लागल्यावर काढल्या, बी चाळलेल्या राखेत घोळून डब्यात ठेवले. त्या पावसाळ्यात पाऊस चांगला झाला. आज आमच्या परसात जी भेंडी आहे ती सगळी त्या दोन झाडांची.

गंगाखेड आमच्यापासून जवळ. गोदाकाठी जनाबाईंचे मंदिर आहे, तिथे आम्ही जात असू. जनाबाई गंगाखेडच्या, आणि आयुष्य गेले पंढरीला नामदेवांच्या घरी दळण-कांडण, झाडलोट करण्यात. देव तिच्यासोबत दळू लागला, शेण वेचू लागला, असे आपण ऐकतो तेव्हा बहुतेकांना वाटते की देवाने तिचे काम हलके केले. मला तसे वाटत नाही. दळण तेवढेच राहिले असणार. जात्याच्या दुसऱ्या बाजूला कोणीतरी बसले, एवढेच. त्या दुष्काळात, आत्याबाई पाटावर बसून दोन झाडांच्या बुडाशी थेंबथेंब पाणी सोडत होत्या आणि तोंडाने नाम चालू होते, तेव्हा मी दारात उभी राहून पाहत असे. त्यांच्या समोर कोणी बसले होते की नाही मला ठाऊक नाही. पण त्यांच्या चेहऱ्यावर एकटेपण नव्हते.

२०२० आणि २०२१ ही दोन वर्षे रस्त्याने पालखी पायी आली नाही. भेंडी मात्र आली, नेहमीपेक्षा जास्त. आम्ही ती टोपलीत घालून वेशीपर्यंतच्या घरांच्या दाराशी ठेवून आलो, तोंडाला पदर बांधून. आत्याबाई आता नाहीत. पंगत चालू आहे. मी पाटावर बसत नाही, अजून गुडघे बरे आहेत. दोनदा वारीही केली, आणि परतल्यावर पाहिले तर भेंड्या निबर होऊन गेलेल्या. घरातल्या पुरुषमाणसांना तोडायला सांगून गेले होते. त्यांनी पाणी घातले, तोडायचे राहिले. असो.

तुम्ही कधी या वाटेने आलात तर बी मागून घ्या. मूठभर नक्की मिळेल. जागा नसेल तर जुनी बादली किंवा तेलाचा पत्र्याचा डबा चालतो, तळाला भोके मात्र पाडा. बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवा, वर तरंगेल ते टाकून द्या. एका डब्यात दोन बिया, बोटाच्या एका पेरभर खोल. दोन्ही उगवली तर जोमदार ते ठेवा. थंडीत पेरू नका, परभणीच्या पौषात ते उगवत नाही. पानांखाली पांढऱ्या माश्या दिसल्या तर आषाढात वेचून वाळवलेल्या निंबोळ्या कामाला येतात. लिटरभर पाण्याला पन्नास ग्रॅम निंबोळ्या कुटून रात्रभर भिजवायच्या, सकाळी फडक्यातून गाळायचे आणि संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूला शिंपडायचे. फळ दिसले की एक दिवसाआड तोडा, बोटाएवढे असतानाच. आणि पहिला तोडा सुरू व्हायच्या आधी, निरोगी झाड पाहून त्याला एक दोरा बांधून ठेवा, म्हणजे घरात कोणीही तोडायला गेले तरी त्याला हात लावणार नाही.

रामकृष्ण हरी.